मोड

मुलाने फोनमध्ये बँक बसवून दिली
आणि ताल्लिनची बस पकडली.
जाताना म्हणाला, आई, तुला काही करायचं नाही.
कार्ड नुसतं टेकवायचं,
वरचा मोड आपोआप डब्यात पडेल.

काळा पाव, एक युरो त्र्याऐंशी.
सतरा सेंट डब्यात.
दही, अठ्ठ्याण्णव सेंट.
दोन सेंटांसाठीसुद्धा फोन टुणकन वाजतो,
दुकानातली बाई वळून बघते.

डब्याला नाव द्या, म्हणालं ॲप.
नाव ठेवलेली कोंबडी कापवत नाही
हे मला लहानपणापासून माहीत आहे.
जागा रिकामी सोडली.

मी समुद्राकाठच्या हॉटेलात चादरी धुते.
तळघरात, एकोणीस वर्षं.
पाहुणे फिनलंडहून येतात, पाठीला चिखल लावून घेतात,
वर झोपतात.
मी त्यांना पाहिलेलं नाही, डागांवरून ओळखते:
वाइन, मलम,
कधी उशीच्या अभ्र्यावर ओघळलेलं काजळ.
ते थंड पाण्यात आधी भिजवावं लागतं.

महिनाअखेर ॲप मला माझाच महिना वाचून दाखवतं.
गोल चकती, रंगीत फोडी.
नोव्हेंबरात लिहिलं होतं,
हेल्वे, घरसजावटीवरचा तुमचा खर्च दुपटीने वाढला आहे.

घरसजावट!
मेणबत्त्या होत्या त्या, एंडेलच्या मातीवर लावायच्या.
आठ घेतल्या, कारण पार्नूच्या वाऱ्यात
चार विझणारच.
रैगो फोनवर म्हणाला, बदलता येतं ते, यादीतून योग्य ते निवड.
यादीत होतं: पाळीव प्राणी, छंद, भेटवस्तू, वाहन.
मी तसंच राहू दिलं.
घरच आहे त्याचं ते.

एप्रिलात भुईखालचे बटाटे वर काढले.
एकूण एक बटाट्याला मोड.
पांढरे, आंधळे, वीतभर वाढलेले,
सगळे दाराच्या फटीकडे वळलेले.
कुणी पाणी घातलं नव्हतं. कुणी बघतही नव्हतं.

त्या रात्री डबा उघडला.
दोनशे बारा युरो सेहेचाळीस सेंट.
पावाच्या, दह्याच्या, मेणबत्त्यांच्या
कडेकडेने निसटलेले,
मला न कळता माझेच.

बॉयलर गळतो आहे. एक दाढ हलते आहे.
मला सगळं माहीत आहे.
रैगोला सांगितलं नाही, त्याने मोडता घातला असता.

डबा मोडायचा म्हटलं तर ॲप विचारतं, नक्की?
मग म्हणतं, तुम्ही ध्येयापासून दूर जाल. नक्की?
कुठलं ध्येय, बाबा?
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला हसूच आलं.
लग्नाच्या नोंदणीतसुद्धा
त्या बाईने एकदाच विचारलं होतं.

एक खोली. समुद्राकडची. एका रात्रीची, न्याहारी धरून.
पुढच्या दाराने आत गेले,
तर काउंटरवरच्या पोरीने मला ओळखलं नाही.
तिने विचारलं, आमच्याकडे पहिल्यांदाच?
मी हो म्हटलं.

चादरीचा कोपरा उलटून पाहिला.
निळा दोरा, आमच्याच मशिनीची खूण,
आणि घडी माझ्या हातची,
ती मी कुठेही ओळखेन.
मग काय, झोपले.
बायका सांगतात तशी अशा ठिकाणी झोप येत नाही वगैरे,
तसलं काही नाही.
तोंड उघडं टाकून झोपले, साडेआठपर्यंत.
काजळ मी लावत नाही.

सकाळी ॲपने नोंद केली होती: प्रवास.
माझ्या घरापासून अकराशे पावलं.
यादी उघडलीच नाही.

घाटावर कॉफी घेतली, दोन युरो साठ.
टुणकन.
रिकाम्या डब्याच्या तळाशी चाळीस सेंट,
फटीकडे तोंड करून.